ठाण्याचे ख्रिस्ती हुतात्मे

इ. स. १३२१ च्या एप्रिल महिन्यात कोकणातील ठाणे येथे ठार मारले गेलेले फ्रान्सिस्कन संघाचे चार धर्मबंधू. तोलेंतीनो येथील टॉमस, पॅड्युआ येथील जेम्स, सिएना येथील पीटर आणि तिफ्लिस येथील डिमीट्रिअस ही त्यांची नावे. महाराष्ट्राच्या भूमीवरील ख्रिस्ती हौतात्म्याची ही सर्वांत जुनी तपशीलवार ज्ञात घटना होय. ती घडल्यापासून अवघ्या काही महिन्यांत लेखनिविष्ट झाली, हे तिचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे धर्मछळाच्या नोंदी कोण करतो, त्या कशा वाढतात आणि त्यांतून कोण वगळले जाते, या प्रश्नांचा विचार करण्यास ही घटना विशेष उपयुक्त ठरते.

शब्द व संकल्पना : ख्रिस्ती परंपरेतील हुतात्म्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ केवळ ‘साक्षी’ असा आहे. न्यायालयात साक्ष देणाऱ्यालाही हाच शब्द लावीत. येशू ख्रिस्ताविषयी साक्ष देणारा आणि ती मागे न घेता मरण पत्करणारा, असा अर्थ त्याला इ. स. दुसऱ्या शतकात रूढ झाला. अरबीतील ‘शहीद’ या शब्दाचा इतिहासही असाच असून त्याच्या मुळाशीही साक्षीचीच कल्पना आहे. मराठीतील ‘हुतात्मा’ हा शब्द मात्र यज्ञकल्पनेवर आधारलेला आहे. ज्याने स्वतःची आहुती दिली तो हुतात्मा, असा त्याचा विग्रह होतो. पहिल्या दोन शब्दांत उच्चारलेल्या वचनाला महत्त्व आहे, तर मराठी शब्दात समर्पणाला. साक्ष म्हटली की ती ऐकणारा आणि टिपून घेणारा कोणीतरी ओघानेच येतो. म्हणूनच प्रारंभापासून ख्रिस्ती हौतात्म्याची कल्पना लेखनाशी जोडलेली राहिली.

रोमन काळातील नोंदी : सम्राट नीरोच्या कारकीर्दीत इ. स. ६४ मध्ये रोम शहराला लागलेल्या आगीचा ठपका ख्रिस्ती लोकांवर ठेवून त्यांना देहदंड देण्यात आला. ही हकीकत टॅसिटस या रोमन इतिहासकाराने सुमारे अर्धशतकानंतर लिहून ठेवली. तो स्वतः ख्रिस्ती धर्माचा तिरस्कार करणारा असल्याने त्याच्या साक्षीला वेगळे मोल आहे. धाकटा प्लिनी हा बिथिनिया-पाँटस प्रांताचा अधिकारी असताना त्याने इ. स. ११२ च्या सुमारास सम्राट ट्रेजनकडे ख्रिस्ती लोकांच्या खटल्यांबाबत मार्गदर्शन मागितले. त्यांना मुद्दाम हुडकून काढू नये आणि निनावी तक्रारींची दखल घेऊ नये; परंतु आरोप सिद्ध झाल्यास शिक्षा करावी, असे उत्तर ट्रेजनने दिले. छळाच्या या नोंदी छळ करणाऱ्या शासनाच्याच आहेत.

ख्रिस्ती समाजाच्या स्वतःच्या नोंदींत स्मर्ना येथील वृद्ध बिशप पॉलिकार्प याच्या मृत्यूचे वृत्त अग्रगण्य मानले जाते. दुसऱ्या शतकाच्या मध्यास घडलेल्या या घटनेची हकीकत स्मर्नाच्या ख्रिस्तमंडळाने दुसऱ्या मंडळाला पत्ररूपाने कळविली. त्याच्या अस्थी गोळा करून दरवर्षी त्याचा मृत्युदिन साजरा करण्याचा संकल्पही त्या पत्रात आहे. पत्र, अस्थी आणि तिथी या तीन गोष्टींवर हुतात्मस्मरणाची पुढील सर्व परंपरा उभी राहिली. उत्तर आफ्रिकेतील सिली या गावच्या बारा ख्रिस्ती व्यक्तींवर १७ जुलै १८० रोजी कार्थेज येथे चाललेल्या खटल्याचे वृत्त न्यायालयीन प्रश्नोत्तरांच्या स्वरूपात आहे. त्यात चमत्कार नाहीत; अधिकाऱ्याचे प्रश्न, आरोपींची थोडक्यात उत्तरे आणि निकाल एवढेच आहे. कार्थेज येथेच इ. स. २०३ मध्ये मारल्या गेलेल्या पर्पेच्युआ या तरुण मातेने तुरुंगात लिहिलेली टिपणे तिच्या वृत्तात समाविष्ट झाली आहेत. प्राचीन काळातील स्त्रीने स्वतः लिहिलेल्या मोजक्या गद्यलेखनात त्यांची गणना होते.

सम्राट डीशियसने २४९-५० मध्ये सर्व प्रजाजनांनी देवतांना बळी अर्पण करून तसा दाखला घ्यावा, असा हुकूम काढला. ईजिप्तच्या वाळूत पपायरसवरील असे चाळिसांहून अधिक दाखले सापडले आहेत. मरण पत्करणाऱ्यांची वृत्ते धर्ममंडळांनी जपली. जीव वाचविण्यासाठी ज्यांनी मान तुकविली त्यांची आठवण मात्र या सरकारी कागदांनी राखली. डायोक्लीशनच्या ३०३ मधील हुकमाने प्रार्थनास्थळे पाडण्याची व धर्मग्रंथ जाळण्याची आज्ञा दिली, म्हणजे लेखनच छळाचे लक्ष्य झाले. ३११ व ३१३ मधील आज्ञांनी हा छळ थांबला. त्यानंतर सिझेरियाचा बिशप युसीबियस याने पॅलेस्टाइनमधील हुतात्म्यांचा स्वतंत्र ग्रंथ लिहिला. पुढील शतकांत या वृत्तांना दंतकथांची जोड मिळत गेली. सतराव्या शतकापासून बोलांडिस्ट या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जेझुइट विद्वानांनी त्यांची चिकित्सा आरंभिली. त्यांच्या संतचरित्र-ग्रंथमालेचा पहिला खंड १६४३ मध्ये निघाला. न्यायालयीन वृत्त, प्रत्यक्षदर्शीची हकीकत आणि रचित आख्यान यांत फरक केला पाहिजे, हा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष ठाण्याच्या घटनेलाही लागू पडतो.

ठाणे, सोपारे व घाटमार्ग : रोमन साम्राज्याच्या पूर्वेस इराणमध्येही चौथ्या शतकात दुसऱ्या शापुर राजाच्या कारकीर्दीत ख्रिस्ती लोकांचा मोठा छळ झाला. इ. स. ४११ मध्ये एडेसा येथे लिहिलेल्या एका सिरियाक हस्तलिखितात इराणी हुतात्म्यांची नामावळी आली आहे. या पूर्वेकडील ख्रिस्तमंडळाचा पश्चिम भारताशी समुद्रमार्गे संबंध होता. सहाव्या शतकातील ग्रीक प्रवासी कॉस्मस याने ‘कल्लिआना’ येथे इराणमधून नेमला जाणारा बिशप असल्याचे नमूद केले असून अनेक विद्वान हे स्थळ म्हणजे कल्याण असे मानतात.

कल्याण, सोपारे व ठाणे ही बंदरे बोरघाटाने मावळाशी जोडलेली होती. लोणावळ्यानजीकच्या कार्ले येथील चैत्यगृहात सोपाऱ्याच्या सातिमित नावाच्या बौद्ध धर्मपाठकाने दिलेल्या एका स्तंभाचा लेख आहे. या स्तंभात पवित्र अवशेष ठेवल्याचा त्यात उल्लेख आहे. कार्ल्याचे चैत्यगृह इ. स. पहिल्या-दुसऱ्या शतकांतील, म्हणजे पॉलिकार्पच्या वृत्ताच्या आगेमागे घडविलेले आहे. पवित्र अवशेषांचे जतन आणि त्यांच्याशी जोडलेला नामनिर्देश या गोष्टी दोन्ही परंपरांत आढळतात. तथापि मावळातील कार्ले, भाजे व बेडसे येथील लेख प्रामुख्याने दात्यांची नावे, गावे व दाने नोंदवितात. धर्मासाठी सोसलेल्या यातनांची नोंद करणे हा त्यांचा हेतू नाही.

ठाणे ही उत्तर कोकणच्या शिलाहारांची राजधानी होती. तेराव्या शतकात ती यादवांच्या ताब्यात गेली आणि १३१८ च्या सुमारास यादवसत्ता संपुष्टात आल्यावर तेथे दिल्लीच्या सुलतानाचा अंमल आला. १३२१ मध्ये शहराचा कारभार मलिक या पदवीच्या अधिकाऱ्याकडे व न्यायदान काझीकडे होते. बहुसंख्य रहिवासी हिंदू होते. नेस्टोरियन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, पूर्वेकडील मंडळाच्या ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे तेथे असल्याचे ओडोरिकने लिहिले आहे.

घटना : टॉमस हा चौघांत ज्येष्ठ होता. आर्मेनियातील धर्मकार्याचा त्याला अनुभव होता आणि चीनमधील धर्मप्रसारक मॉन्तेकोर्व्हीनोचा जॉन याचे वृत्त त्याने पोपच्या दरबारात पोहोचविले होते. डिमीट्रिअस हा अदीक्षित धर्मबंधू असून भाषा जाणणारा होता. या चौघांसमवेत जॉर्डेनस हा डोमिनिकन संघाचा फ्रेंच धर्मोपदेशक होता. इराणमधून निघून होर्मुझमार्गे दक्षिणेकडील कोल्लम बंदरास जाण्याचा त्यांचा बेत होता; परंतु वाऱ्यामुळे त्यांचे जहाज ठाण्यास लागले. तेथे एका नेस्टोरियन कुटुंबाने त्यांना आश्रय दिला. आसपासच्या ख्रिस्ती लोकांना बाप्तिस्मा देण्यासाठी जॉर्डेनस गुजरातकडे गेला असता पुढील प्रकार घडला.

यजमान पतिपत्नींत भांडण होऊन पतीने पत्नीला मारले. तिने काझीकडे दाद मागितली आणि घरातील चार परदेशी साधू साक्षीदार आहेत, असे सांगितले. सामानाच्या राखणीसाठी पीटरला घरी ठेवून इतर तिघे काझीसमोर गेले. तेथे मूळ तक्रार बाजूला पडून धर्मचर्चा सुरू झाली. ख्रिस्ताच्या ईश्वरत्वावर वाद झाल्यानंतर पैगंबरांविषयी मत विचारण्यात आले. प्रथम त्यांनी उत्तर टाळले. आग्रह होताच टॉमसने अधिक्षेपकारक उत्तर दिले. त्यामुळे जमाव खवळला. तिघांना उन्हात बांधून ठेवण्यात आले व जेम्सला आगीत टाकण्यात आले. त्यातून तो दोनदा सुखरूप बाहेर आला, असे वृत्तांत म्हटले आहे. मलिकने त्यांना सोडून देऊन खाडीपलीकडे पाठविले. परंतु काझीने त्याचे मन वळविल्यावर रात्री मारेकरी धाडून तिघांचा शिरच्छेद करण्यात आला. नंतर पीटरलाही पकडून, धर्मांतरास नकार दिल्यावर, ठार करण्यात आले. साक्षीदार म्हणून बोलावलेल्यांचा अंत अशा रीतीने साक्षीच्या दुसऱ्या अर्थाने झाला. सुलतानाने पुढे मलिकला बोलावून घेऊन देहदंड दिला, असेही ओडोरिक सांगतो.

साधने : घटनेची वार्ता कळताच जॉर्डेनस परत आला आणि त्याने मृतदेह सोपाऱ्यास नेऊन तेथील ख्रिस्तमंदिरात पुरले. ऑक्टोबर १३२१ मध्ये त्याने इराणमधील आपल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिले. सोपारे, भडोच व कोल्लम येथे काम करता येईल, असे सांगून त्यात त्याने आणखी धर्मबंधू पाठविण्याची विनंती केली आहे. त्याचे दुसरे पत्र ठाण्याहून लिहिलेले असून ते १३२४ च्या प्रारंभीचे मानले जाते. त्यात चाचे, कैद, निंदा व आजारपण यांनी गांजलेल्या एकाकी माणसाचा सूर आहे. १३२९ मध्ये पोप बाविसावा जॉन याने त्याला कोल्लमचा बिशप नेमले. ही पत्रे या विषयाचे सर्वांत जवळचे साधन होत. तथापि जॉर्डेनस घटनेच्या वेळी ठाण्यात नव्हता. त्याची माहिती स्थानिक लोकांकडून मिळालेली होती.

दुसरे प्रमुख साधन पोर्देनोनेचा ओडोरिक या फ्रान्सिस्कन प्रवाशाचे आहे. तो घटनेनंतर ठाण्यास आला आणि सोपाऱ्याच्या थडग्यातील अस्थी घेऊन चीनमधील झैतून, म्हणजे आजचे च्वानजोऊ, येथील आपल्या संघाच्या मठात गेला. इटलीस परतल्यावर १३३० मध्ये पॅड्युआ येथे त्याने आपला प्रवासवृत्तांत सांगितला व एका धर्मबंधूने तो लिहून घेतला. ओडोरिकच्या कथनात अस्थींच्या प्रभावाने जळत्या घरातून वाचल्याच्या आणि समुद्रात पडलेला वारा पुन्हा सुटल्याच्या कथा आहेत. काझीसमोरील संवादही त्यात विस्ताराने येतो. स्मर्नाच्या पत्राप्रमाणे येथेही पत्र, अस्थी व तिथी या तिन्ही गोष्टी आहेत. किंबहुना जॉर्डेनस व ओडोरिक या दोघांनाही हुतात्म्यांच्या बाबतीत काय करावयाचे असते, याचा हजार वर्षांहून जुना पाठ परंपरेने दिलेला होता. त्या पाठामुळेच ही घटना विस्मृतीत गेली नाही. परंतु तिचे कथन ठराविक वळणावर नेण्याचे कामही त्याच पाठाने केले. आगीने शरीर न जळणे हा पॉलिकार्पच्या वृत्तातही आढळणारा कथाघटक आहे. उलट पतिपत्नीच्या भांडणासारखा क्षुल्लक व धर्मकार्याला शोभा न देणारा आरंभ कोणी भाविक कल्पनेने रचण्याचा संभव कमी; म्हणून तो विश्वसनीय वाटतो.

नोंदीबाहेरील माणसे : या घटनेची वर्णने ख्रिस्ती धर्मोपदेशकांकडून आलेली आहेत. काझीची बाजू त्यांतून केवळ विरोधकाच्या शब्दांत कळते. मलिकने प्रथम सुटका केली, यावरून राज्यकर्त्यांत एकमत नव्हते एवढे दिसते. टॉमसच्या उत्तराकडेही दोन्ही बाजूंनी पाहता येते. ख्रिस्ती वृत्तांताच्या दृष्टीने ती निर्भय साक्ष होती. काझीच्या दृष्टीने तो उघड अधिक्षेप होता. नवव्या शतकात स्पेनमधील कॉर्दोव्हा येथे अशाच कारणावरून सुमारे पन्नास ख्रिस्ती व्यक्तींना देहदंड झाला, तेव्हा आपण होऊन ओढवून घेतलेल्या मृत्यूला हौतात्म्य म्हणावे काय, असा प्रश्न खुद्द ख्रिस्ती समाजातच उपस्थित झाला होता.

ज्या स्त्रीच्या तक्रारीमुळे हे प्रकरण सुरू झाले तिची पुढे काय गत झाली आणि पाहुण्यांच्या मृत्यूनंतर त्या पंधरा घरांवर कोणता प्रसंग आला, याकडे वृत्तांतांचे लक्ष नाही. पाश्चात्त्य धर्मबंधूंच्या दृष्टीने नेस्टोरियन हे पाखंडी होते. त्यांचे घर आश्रयापुरते वृत्तात आले आणि नंतर दृष्टीआड झाले. धर्मसंस्थेच्या हातून मेलेल्यांची गोष्टही लक्षात घेण्याजोगी आहे. ठाण्याच्या घटनेपूर्वी तीन वर्षे, १३१८ च्या मे महिन्यात, फ्रान्सिस्कन संघातील चार धर्मबंधूंना कठोर दारिद्र्यव्रताचा आग्रह न सोडल्याबद्दल फ्रान्समधील मार्से येथे जाळण्यात आले. बाविसावा जॉन हाच त्या वेळी पोप होता. त्यांच्या अनुयायांनी त्यांना हुतात्मे मानले. अधिकृत नोंदीत ते पाखंडी राहिले. टॉमसच्या पूजनास मात्र १८९४ मध्ये पोप तेरावा लिओ याने मान्यता दिली.

गोमंतकातील कुंकळ्ळीच्या घटनेत ही विषमता अधिक स्पष्ट होते. साष्टी प्रांतातील देवालये पोर्तुगीजांनी पाडल्यानंतर तेथे असंतोष धुमसत होता. जुलै १५८३ मध्ये ख्रिस्तमंदिरासाठी जागा पाहण्यास आलेल्या पाच जेझुइटांना व त्यांच्या सोबत्यांना कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांनी ठार केले. त्या पाचांत अकबराच्या दरबारात राहून आलेला रुदोल्फो आक्वाव्हीव्हा हाही होता. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणीसाठी असोळणे येथे बोलावून मारण्यात आले. सोळांपैकी एकच नदीत उडी टाकून निसटला, असे सांगितले जाते. पाच जेझुइटांना १८९३ मध्ये पुण्यात्मे म्हणून घोषित करण्यात आले. त्यांच्याबरोबर मेलेल्या स्थानिक ख्रिस्ती सोबत्यांना त्या घोषणेत स्थान मिळाले नाही. गावप्रमुखांची स्मृती दीर्घकाळ लोकपरंपरेतच टिकून होती. त्यांचे स्मारक अलीकडच्या काळात उभे राहिले. गोव्यातील धर्मन्यायालय १५६० मध्ये स्थापन होऊन मधला अल्प काळ वगळता १८१२ पर्यंत चालले. ते बंद झाल्यावर त्याच्या दप्तराचा फार मोठा भाग नष्ट करण्यात आला. तेथे कैद भोगलेल्या शार्ल देलाँ या फ्रेंच वैद्याचे १६८७ मध्ये प्रसिद्ध झालेले आत्मकथन आणि अनंत काकबा प्रियोळकर यांचा १९६१ मधील ग्रंथ यांवर या विषयाच्या अभ्यासकांना बराच भर द्यावा लागतो. एकाच भूमीवर एका धर्मछळाचे वृत्त जपले गेले आणि दुसऱ्याचे दप्तर जाळले गेले, हा योगायोग नव्हे. कागद ज्याच्या हाती त्याची स्मृती, असे त्याचे स्वरूप आहे.

मावळातील समांतर परंपरा : छळाचा वृत्तांत सत्तेच्या वा संघटनेच्या आधाराविनाही टिकतो, याचे उदाहरण मावळात मिळते. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणाऱ्या इंद्रायणीच्या काठी देहू येथे सतराव्या शतकात संत तुकारामांना विरोध झाला आणि त्यांच्या अभंगांच्या वह्या नदीत बुडविण्यात आल्या. या प्रसंगाचा आणि तेरा दिवसांच्या उपोषणाचा निर्देश तुकारामांच्या अभंगांतच आहे. देहूस येऊन राहिलेल्या संत बहिणाबाईंनी (१६२८–१७००) आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत मंबाजीने दिलेल्या त्रासाची हकीकत सांगितली आहे. पर्पेच्युआच्या टिपणांप्रमाणे येथेही सोसणाऱ्या स्त्रीचा स्वतःचा शब्द उपलब्ध आहे. विरोधक म्हणून प्रसिद्ध असलेले रामेश्वरभट्ट पुढे तुकारामांचे भक्त झाले आणि त्यांच्या नावावरील आरती आजही गायिली जाते. अठराव्या शतकात महिपतींनी भक्तलीलामृत (१७७४) या ग्रंथात या प्रसंगांना विस्तृत आख्यानरूप दिले. आत्मनिवेदन, समकालीनाची साक्ष व उत्तरकालीन आख्यान असे तीन थर येथेही स्पष्ट दिसतात. ख्रिस्ती परंपरेत ही स्मृती पत्रे व पंचांगातील तिथी यांनी राखली; वारकरी परंपरेत ती वह्या, पाठांतर व कीर्तन यांनी राखली. कागद पाण्यात गेला तरी मुखोद्गत वाणी उरली, ही लोकश्रद्धा त्या परंपरेचे सामर्थ्य नेमके सांगते.

महत्त्व : ठाण्याच्या वृत्तांतामुळे चौदाव्या शतकातील उत्तर कोकणचा समाज, तेथील नेस्टोरियन वस्ती, दिल्लीच्या सत्तेचे आरंभीचे न्यायदान आणि इराण, कोकण व चीन यांना जोडणारा सागरी मार्ग यांवर मौलिक प्रकाश पडतो. धर्मश्रद्धेच्या दृष्टीने त्यातील चौघांच्या निष्ठेला महत्त्व आहे. इतिहासाच्या दृष्टीने त्या चौघांइतकेच महत्त्व, ज्यांच्यासाठी कोणी पत्र लिहिले नाही व ज्यांच्या अस्थी कोणी नेल्या नाहीत, अशा माणसांनाही आहे. धर्मछळाची कोणतीही नोंद वाचताना ती कोणी, केव्हा व कोणासाठी लिहिली, हे पाहावे लागते. ठाण्याच्या घटनेत पहिल्या पत्राच्या लेखकाचे नाव व काळ निश्चित असल्याने हा शोध पुष्कळ अंशी पूर्ण करता येतो. यजमानीण स्त्रीचे नाव मात्र त्या पत्राच्या कक्षेबाहेरच राहिले.